जरा ॲडजस्ट कर ना गं!

एस.टी.च्या तिघांच्या सीटपाशी चौथी बाई येऊन उभी राहते आणि म्हणते, "जरा ॲडजस्ट करा हो ताई." आपण सरकतो, पिशवी मांडीवर घेतो, तीही अर्धवट टेकते. तास-दीड तासाचा प्रवास, मग जिचं गाव तिला. कर्नाटकात तर 'स्वल्प ॲडजस्ट माडी' हे वाक्य प्रसिद्धच आहे. तेव्हा मैत्रिणींनो, या शब्दावर माझा मुळात राग नाही.

राग आला तो दोनेक वर्षांपूर्वी, आणि तोही स्वतःचाच. तालुक्याच्या गावी महिलांच्या समुपदेशन केंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस बसते. लग्नाला वर्ष झालेली एक मुलगी आईबरोबर आली. बोलत होती आईच. "हिला सांगा ताई, जरा ॲडजस्ट करायला शिक म्हणावं." मुलगी मान खाली घालून म्हणाली, "करतेय मी ॲडजस्ट." मी चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि रजिस्टरात लिहिलं, 'सासरी ॲडजस्ट होण्यास वेळ लागेल. समजूत काढली.' चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. पहिल्या भेटीच्या वेळीही मारहाण चालूच होती म्हणे. मी म्हटलं, "अगं, मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की ताई. ॲडजस्ट करतेय म्हणाले ना मी."

त्या रात्री मी लेकीची इंग्रजी डिक्शनरी घेऊन बसले. माझं बी.ए. मराठीतलं, इंग्रजीशी नातं बेताचंच. पण वाचलं आणि थक्क झाले. हे क्रियापद जास्त करून वस्तूंसाठी वापरतात. घड्याळ, चष्मा, खुर्चीची उंची, थोडंसं इकडेतिकडे करून नीट बसवणं. शिलाई मशीनचा टाका सैल पडला की आपण टेन्शनचा स्क्रू किंचित फिरवतो, ते ॲडजस्ट. 'किंचित' हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. स्क्रू पार आवळत गेलात तर दोराच तुटेल. दुसरा अर्थ सरावण्याचा, म्हणजे उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावतात तसा. मूळ लॅटिन शब्द 'जवळ' या अर्थाचा, पण पुढे लोकांनी त्याचं नातं 'जस्ट'शी, म्हणजे न्याय्य या शब्दाशी जोडलं. भाषेच्या पंडितांना ती चूक वाटो, मला मात्र आवडली!

समानार्थी शब्दही पाहिले. ॲडॅप्ट म्हणजे स्वतःत बदल करून नव्या जागी रुळणं. अकॉमोडेट म्हणजे दुसऱ्याला जागा करून देणं. आणि कॉम्प्रमाइझ? त्याच्या मुळाशी आहे दोन्ही पक्षांनी मिळून दिलेलं वचन. दोन्ही पक्षांनी, बरं का! सोसणं, सहन करणं यासाठी इंग्रजीत एन्ड्युअर, टॉलरेट असे वेगळेच शब्द आहेत. आपण मात्र ते सगळे या एकट्या ॲडजस्टमध्ये कोंबले.

आपल्या आज्या-आत्यांकडे यासाठी किती शब्द होते! जुळवून घे, सांभाळून घे, नमतं घे, पडतं घे, चालवून घे, खपवून घे, सोस, गिळून टाक. प्रत्येकाचं वजन वेगळं. जुना काळ फार चांगला होता असं नाही, त्याही शेवटी सोसायलाच सांगत होत्या. पण 'सोस' म्हटल्यावर कुठेतरी दुखतंय हे निदान ऐकू तरी यायचं. ॲडजस्टमध्ये ते ऐकू येत नाही. शब्द कसा गुळगुळीत, शिकल्यासवरल्यासारखा.

म्हणून आता केंद्रात कुणी ॲडजस्ट म्हटलं की मी पेन खाली ठेवते. "मराठीत सांग बाई, म्हणजे काय करतेस?" एक हसत म्हणाली, "सासूबाईंना भाजीत गूळ लागतो, मला झणझणीत. जुळवून घेतो दोघी." तिला चहा पाजून पाठवलं. दुसरी नोकरी करणारी. "पगार सगळा ते घेतात. एस.टी.च्या तिकिटालाही हात पसरावा लागतो. चालवून घेते." हे चालवून घेण्यातलं नव्हे, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा 2005 सालचा, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही धरलाय. बाईच्या हक्काचे पैसे, स्त्रीधन अडकवून ठेवणं, घरखर्चालाही पैसे न देणं हे त्यात बसतं. घर तिच्या नावावर नसलं तरी त्या घरात राहण्याचा हक्क कायदा तिला देतो. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते, आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ असावा. तिसरी एक मराठी शब्द शोधता शोधता गप्पच झाली. तिच्याजवळ मी बराच वेळ बसून राहिले.

"अहो, असं प्रत्येक शब्दाला अडवलंत तर संसार कसे टिकायचे?" असं एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारलं. बावीस वर्षं मी एकत्र कुटुंबात काढली आहेत. सासऱ्यांच्या बातम्या आणि माझी मालिका एकाच वेळी लागायची, तेव्हा मी नमतं घेतलं. पुढे माझ्या बैठकांच्या दिवशी त्यांनी स्वतः कुकर लावायला सुरुवात केली. हे चालतंच की घरात. पण रजिस्टरात 'ॲडजस्ट' हा शब्द मी आता लिहीत नाही. काय झालं ते लिहिते.

परवा वहिनींनी भाचीचा बायोडेटा दाखवायला आणला. 'गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ, ॲडजस्टिंग स्वभाव.' म्हटलं, "वहिनी, आलेल्या मुलांच्या कागदांत हा शब्द कुठे आहे का बघा ना."

"अहो वन्सं, असेल की," म्हणत त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. पाच स्थळं होती. पाचही कागद त्यांनी पुढून-मागून पाहिले, मग पर्समधून पेन काढलं.