त्या बाटलीचे पैसे कोणी भरले?



सूर्यात चालते तसे अणुकेंद्रकांचे संमीलन, म्हणजे फ्यूजन, करून वीज देण्याच्या बातम्या हल्ली पुन्हा येऊ लागल्या आहेत. अमेरिकेत व्हर्जिनियात असं 400 मेगावॅटचं केंद्र 2030च्या दशकाच्या सुरुवातीला चालू करू, असं कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी सांगते. त्यातली 200 मेगावॅट वीज घेण्याचा करार गुगलने 2025 मध्येच करून टाकला. वीज मात्र अजून एक युनिटही नाही!

मला 1989 आठवलं. 23 मार्चला युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जड पाण्यात पॅलेडियमची कांडी ठेवून वीजप्रवाह सोडला तर संमीलनाची उष्णता मिळते. मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितलं, "मुलांनो, आता बाटलीतून वीज!" ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही लगेच प्रयोग सुरू झाले. पण बहुतेक प्रयोगशाळांना तो परिणाम काही मिळेना. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने पुरावा पटण्यासारखा नाही, खास निधी देऊ नये, असा अहवाल दिला. पुढे एका मुलाने विचारलं, "सर, त्या बाटलीचं काय झालं?" मी विषय बदलला. आजही त्याची लाज वाटते.

सरकारने हात आखडला तरी एक संस्था पैसे देत राहिली. वीज कंपन्यांच्या वर्गणीवर चालणारी एप्री, म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट. तिच्या पैशावर कॅलिफोर्नियात एसआरआय इंटरनॅशनलमध्ये अनेक वर्षं प्रयोग चालले. जानेवारी 1992 मध्ये तिथे स्फोट होऊन एक शास्त्रज्ञ दगावला. अखेर एप्रीनेही मदत थांबवली. व्यापारी वीज काही आली नाही.

मग हा मूर्खपणा होता का? मला तसं वाटत नाही. गोष्ट खरी निघाली असती तर कोळशाची केंद्रं मोडीत निघाली असती. तेव्हा ज्यांचा धंदा जाणार, त्यांनी खात्री करून घेणं शहाणपणाचंच. पण कंपनीची वर्गणी शेवटी येते कुठून? ग्राहकाच्या बिलातून. एका खोलीत दिवा लावणाऱ्या विधवेलाही त्यात वाटा द्यावा लागतो, आणि तिला कोणी विचारत नाही.

आपणही याबाहेर नाही. फ्रान्समधल्या ईटर प्रकल्पात भारत भागीदार आहे. त्याच्या अजस्र क्रायोस्टॅटचे भाग इथे, हाजीऱ्याला तयार झाले. अभिमान वाटतोच. पण तो अजून प्रयोग आहे, आश्वासन नव्हे, एवढं लोकांना सरळ सांगावं.

माझं म्हणणं इतकंच: संशोधनाला पैसा जरूर द्या, पण किती दिला, किती वर्षांसाठी आणि कुठे थांबायचं, हे आधी छापा. दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निकाल येईपर्यंत बिलावर मोठा बोजा टाकू नका. आणि प्रयोग फसला तर तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत सांगा. फसलेला प्रयोग हा गुन्हा नाही. विषय बदलणं, हा मात्र आहे. मी तो केलेला आहे, म्हणून सांगतो.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, बडोदे