वासाचं मशीन बनवायचंय? आधी गिऱ्हाईक दाखवा

गेल्या बॅचमध्ये एका मुलाने विचारलं, "सर, मोबाईलला जोडायचं वासाचं मशीन काढलं तर? गिऱ्हाईकाला घरबसल्या अत्तराचा वास घेता येईल." वर्ग खूश. हा तर कर्ज काढायलाही तयार! मी म्हटलं, थांब जरा, हे आधी होऊन गेलंय.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डिजिसेंट्स कंपनीने १९९९ च्या सुमारास 'आयस्मेल' नावाचं यंत्र जाहीर केलं. कॉम्प्युटरला जोडायचं, आत १२८ मूळ वासांचं कार्ट्रिज. ते मिसळून हजारो वास काढायचे, वेबसाईट उघडली की वास, गेम खेळताना वास. गुंतवणूकदारांनी पैसा ओतला, मासिकांनी कौतुक केलं. २००१ मध्ये कंपनी बंद पडली.

लोक म्हणतात, ते काळाच्या पुढे होते. मला हे पटत नाही. अडचण वासातच आहे. स्क्रीनला लाल, हिरवा, निळा एवढे तीन रंग पुरतात. आपल्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. म्हणजे तीन-चार बाटल्यांत काम भागत नाही. शिवाय रसायन संपतं, मग परत भरा. आणि चित्र एका क्षणात पुसता येतं, वास रेंगाळतो. दुकानात सकाळी धूप लावून बघा, दुपारपर्यंत साबणाच्या वडीलाही धुपाचाच वास! आणि गंमत म्हणजे आपल्या स्वतःच्या नाकाला तो दहा मिनिटांत कळेनासा होतो.

मग वासाने संदेश देताच येत नाही का? येतो की, तुमच्या स्वयंपाकघरात रोज तयार असतो. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. एकच वास, एकच अर्थ, बॅटरी नको, अ‍ॅप नको.

जपानमध्ये तर वसाबीचा अलार्म निघाला. वसाबी म्हणजे सुशीसोबतची ती झणझणीत हिरवी चटणी. आग लागली की त्याचा झणका हवेत सुटतो आणि झोपलेला माणूस उठतो. त्या संशोधकांना २०११ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे हसवणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. हसा खुशाल, पण गिऱ्हाईक बघा किती स्पष्ट आहे: ज्याला ऐकू येत नाही तो. भोंग्याचा त्याला काही उपयोगच नाही. धंदा इथे आहे, १२८ वासांत नाही.

त्या मुलाला मी कर्जाचा अर्ज बाजूला ठेवायला लावला. म्हटलं, पाच अत्तरवाल्यांना विचारून ये, वास आवडला नाही म्हणून किती माल परत येतो, आणि सॅम्पलची छोटी कुपी कुरियरने पाठवायला किती खर्च येतो. कारण तुझ्या मशीनची स्पर्धा त्या कुपीशी आहे. तो दोन दुकानं फिरून आलाय. तीन बाकी आहेत.