मोटारीची साक्ष आणि आपला निवाडा

भंडाऱ्याच्या बाजारांत पितळेचा गुंड घेणारी बाई दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहत नाहीं. ती गुंड उचलते, बोटाच्या पेऱ्यानें त्यावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. नाद खणखणीत निघाला तर भाव करते. बद्द वाजला तर भांडें मुकाट्यानें खालीं ठेवते. या परीक्षेस शाळा लागत नाहीं कीं प्रमाणपत्र लागत नाहीं. भांडें स्वतःच आपला दोष सांगतें. ऐकणाऱ्यास कान मात्र पाहिजेत.

दारांत उभ्या असलेल्या मोटारीविषयीं आपण इतके सावध नसतों. कित्येक वर्षें हप्ते भरून घेतलेलें तें वाहन. पण डॅशबोर्डावर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला कीं सुशिक्षित मनुष्यहि गांगरतो आणि प्रथम जो भेटेल त्याच्या हातीं किल्ली देऊन मोकळा होतो. मग तो सांगेल तो रोग आणि तो मागेल ती रक्कम. वस्तुतः मोटारहि त्या गुंडाप्रमाणें आपला दोष सांगत असते. इतकेंच नव्हे, तर तो लिहून ठेवीत असते. तें लिहिलेलें वाचण्याचा अधिकार वाहनाच्या धन्यास आहे आणि घरच्या घरीं तें वाचणें कोणासहि शक्य आहे, हें या लेखांत सांगावयाचें आहे. परंतु वाचणें निराळें आणि समजणें निराळें. हा धडा मी स्वतःची फजिती करून घेऊन शिकलों. म्हणून ती हकीकतहि येथें सांगणें प्राप्त आहे.

ही व्यवस्था मुळांत आली कोठून, तें प्रथम पाहूं. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर मोटारींच्या धुरामुळें डोळे झोंबविणारें धुकें पसरूं लागलें. पुढें कॅलिफोर्निया राज्यानें असा नियम केला कीं, धूर स्वच्छ राखणारीं साधनें बिघडल्यास मोटारीनेंच तें ओळखून चालकास कळवावें. १९८८ सालच्या नमुन्यांपासून तेथें ही व्यवस्था आली. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेंत एकाच ठरीव पद्धतीची व्यवस्था सक्तीची झाली. आपल्या देशांत भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर २०१० पासून ती टप्प्याटप्प्यानें आली, आणि २०१३ पासून तिचा दुसरा, अधिक कडक टप्पा सुरू झाला. १ एप्रिल २०२० रोजीं भारत स्टेज ६ चे नियम देशभर लागू झाले, तेव्हां दुचाकी वाहनांसहि आपले कांहीं दोष नोंदून ठेवण्याची सोय करावी लागली. या व्यवस्थेचें संक्षिप्त नांव ओ. बी. डी. असें आहे. तिचा जन्म मालकाच्या सोयीसाठीं झाला नाहीं. शेजाऱ्याच्या श्वासासाठीं झाला. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां तिची रीत. एंजिनावर ठिकठिकाणीं सेन्सर बसविलेले असतात. कोणी पाण्याचें तापमान मोजतो, कोणी आंत येणाऱ्या हवेची नोंद घेतो, कोणी धुरांतील प्राणवायु पाहतो. या सर्वांचे निरोप एका छोट्या संगणकाकडे जातात. एखादा निरोप मर्यादेबाहेर गेला तर संगणक तो लागलाच जाहीर करीत नाहीं. बहुतेक दोषांच्या बाबतींत पुढील फेरींत तोच प्रकार पुन्हां घडला म्हणजे मग दिवा लावतो आणि पांच अक्षरांचा एक दोषांक नोंदवितो. शिवाय दोष घडला त्या क्षणीं एंजिन किती फेरे घेत होतें, किती तापलें होतें, गाडीचा वेग किती होता, हेंहि टिपून ठेवतो. कोर्टांतला चांगला साक्षीदार जसा वेळ व स्थळ सांगतो, तसाच हा प्रकार आहे.

दोषांक वाचण्याचा सॉकेट स्टिअरिंगच्या खालीं, चालकाच्या गुडघ्याच्या आसपास असतो. त्यास सोळा घरें असून त्याची एक बाजू रुंद व दुसरी अरुंद असते. त्यांत बसणारा ब्लूटूथचा लहान ॲडॅप्टर आज कांहींशें रुपयांस मिळतो. एंजिन बंद असतांना ॲडॅप्टर बसवावा, किल्ली फिरवावी पण एंजिन सुरू करूं नये, मोबाईलशीं त्याची जोड करावी आणि ॲपमध्यें दोषांक मागवावे. पहिलें अक्षर दोषाचें क्षेत्र सांगतें: ‘पी’ म्हणजे एंजिन व गिअर, ‘सी’ म्हणजे ब्रेक व चाकांचा भाग, ‘बी’ म्हणजे गाडीचा सांगाडा व आंतील सोयी, ‘यू’ म्हणजे निरनिराळ्या संगणकांमधील दळणवळण. दुसऱ्या स्थानीं शून्य असेल तर त्या अंकाचा अर्थ सर्व कंपन्यांच्या गाड्यांस सारखा. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा. उदाहरणार्थ, ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरांत इंधन नीट पेटत नाहीं. ज्यास पत्त्यावरील पिनकोड वाचतां येतो त्यास हेंहि वाचतां येईल.

येथवर सारें सोपें आहे. आतां माझी हकीकत ऐका.

भाताच्या कापणीचे दिवस होते. तुमसरहून भंडाऱ्यास येतांना मोहाडीजवळ माझ्या जुन्या मोटारीचा पिवळा दिवा लागला. दुसऱ्या दिवशीं एका मोठ्या गॅरेजांत गेलों. तेथील माणसानें आपलें यंत्र लावलें, पडदा स्वतःकडे वळविला आणि सांगितलें, “ऑक्सिजन सेन्सर गेला; नऊ हजार लागतील.” मीं दोषांक विचारला. तो म्हणाला, “सर, तें तुम्हांला सांगून काय उपयोग?” वीस वर्षें मुलांना शिकविणाऱ्या माणसाच्या हें मनास लागलें. मी गाडी परत आणली, ॲडॅप्टर मागविला आणि अंगणांत बसून दोषांक वाचला: पी ०१३५. त्याचा अर्थ शोधला, तो निघाला ऑक्सिजन सेन्सरला ऊब देणाऱ्या तारेच्या मंडलांत बिघाड. मला अत्यंत आनंद झाला. सेन्सर गेला ही गोष्ट खरी, फक्त किंमत खोटी, असें मीं ठरविलें. अडीच हजारांचा सेन्सर मागवून बसविला, ॲपवरून दोषांक पुसला आणि शिक्षकांच्या खोलींत आपल्या विजयाची गोष्ट सर्वांना ऐकविली.

तिसऱ्या दिवशीं दिवा पुन्हां लागला. दोषांक तोच.

तेव्हां मी एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलों. त्यानें यंत्र वगैरे कांहीं लावलें नाहीं. मोबाईलवरील अंक पाहिला आणि विचारलें, “गुरुजी, रात्रीं गाडी कोठें ठेवतां?” मीं सांगितलें, धानाच्या पोत्यांशेजारीं, पडवींत. तो हंसला. बॉनेट उघडून त्यानें तारांच्या जुडीवरून हळूहळू हात फिरविला आणि उंदरानें कुरतडलेली एक तार वर काढून दाखविली. तिच्या बुडाशीं धानाचा कोंडाहि होता. तार जोडून, वर वेष्टण चढवून त्यानें दीडशें रुपये घेतले. मी यंत्रास दोष देऊं लागलों, तेव्हां तो म्हणाला, “सेन्सर गेला असें यंत्र म्हणालेंच नव्हतें, गुरुजी. त्याच्या तारेच्या वाटेंत कांहीं बिघडलें आहे, एवढेंच तें म्हणालें.”

मी भाषेचा शिक्षक. ‘वाक्यांतील एकहि शब्द गाळून अर्थ करूं नका,’ हें मी वर्गांत रोज सांगतों. आणि पांच अक्षरांच्या एका वाक्यांतील ‘मंडल’ हा शब्द मींच गाळला होता. गॅरेजवाल्यानें मला दोषांक सांगितला नाहीं ही त्याची चूक. दोषांक हातीं येतांच मी न्यायाधीश होऊन बसलों ही माझी. पहिल्या चुकीचे नऊ हजार वांचले, पण दुसरीचे अडीच हजार गेले.

यावरून माझें मत असें झालें आहे: दोषांक ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्ष धन्यानें स्वतः ऐकलीच पाहिजे. निकाल मात्र तपासाअंतीं द्यावा, आणि त्या तपासांत जाणत्या हाताचें व कानाचें काम अद्याप संपलेलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मालकच दोषांक वाचूं लागले तर गरीब मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल. मला उलट वाटतें. लबाडाचें नुकसान होईल, जाणत्याचें होणार नाहीं. रस्त्याकडेच्या मिस्त्रीची खरी अडचण निराळी आहे. पुष्कळ काळ कंपन्यांनीं दोष तपासण्याचीं आपलीं विशेष यंत्रें, माहिती व सुटे भाग बाहेरच्या दुरुस्ती करणारांस मोकळेपणीं मिळूं दिले नाहींत. या प्रकरणीं भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं १४ मोटार कंपन्यांस दोषी ठरवून सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि तीं साधनें खुलीं करण्यास सांगितलें. त्यावर पुढें अपिलेंहि झालीं. परंतु एक गोष्ट त्या निर्णयानें स्पष्ट केली: वाहन विकल्यावर त्याच्या दुरुस्तीची किल्ली विकणाऱ्यानें आपल्याच कनवटीस ठेवावी हें न्याय्य नव्हे. डिसेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काविषयीं माहितीचें एक खुलें दालन सुरू केलें, तेंहि याच दिशेचें पाऊल होय. दोषांक हातीं घेऊन येणारा मालक आणि तपास करूं जाणणारा मिस्त्री हे एकमेकांचे शत्रु नव्हत. दोघेहि एकाच बंद दाराबाहेर उभे होते.

दुसरा आक्षेप असा कीं, अर्धवट ज्ञान घातक असतें. हा आक्षेप खरा आहे. म्हणून कांहीं मर्यादा सांगतों. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश घरीं यावें. तो लुकलुकूं लागला तर एंजिनांत इंधन न पेटतां बाहेर पडत आहे व धूर शुद्ध करणारें महागडें साधन जळण्याचा संभव आहे असें समजून लवकर थांबावें. तेलाचा वा तापमानाचा लाल दिवा लागला तर दोषांक वाचीत बसूं नये. गाडी तत्काळ बाजूस घेऊन एंजिन बंद करावें. स्वस्त ॲडॅप्टर बहुधा एंजिनाचेच दोष वाचतात. ब्रेक आणि एअरबॅग यांविषयीं ते मुके असतात, म्हणून त्यांचें मौन म्हणजे निर्दोषपणाचा दाखला नव्हे. काम झाल्यावर ॲडॅप्टर काढून ठेवावा, नाहींतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. गाडी हमीच्या मुदतींत असेल तर वाचावें सर्व, पण हात कशासहि लावूं नये.

आणि आतां पुसण्याविषयीं. त्या ॲपमध्यें दोषांक पुसण्याची एक कळ असते. दुरुस्तीनंतर ती दाबणें योग्य आहे. परंतु दुरुस्ती न करतां दिवा विझविणें, किंवा गाडी विकण्याच्या दिवशीं सकाळीं तो विझवून गिऱ्हाइकास स्वच्छ डॅशबोर्ड दाखविणें, हें फुटक्या गुंडास लाख लावून विकण्यासारखें आहे. शिवाय त्यांत शहाणपणहि नाहीं. पुसतांना संगणकाच्या स्वतःच्या तपासण्यांची नोंदहि पुसली जाते. त्या पुन्हां पूर्ण होण्यास कित्येक फेऱ्या लागतात, आणि जाणता गिऱ्हाईक त्या अपुऱ्या पाहतांच समजतो कीं, पाटी नुकतीच पुसली आहे. पण न पकडलें गेलों तरी काय? हा दिवा शेजाऱ्याच्या श्वासासाठीं जन्मास आला हें वर सांगितलेंच आहे. तो खोटेपणानें विझविणारा मनुष्य केवळ गिऱ्हाइकास फसवीत नाहीं. शाळेच्या फाटकाशीं उभ्या असलेल्या मुलांनाहि फसवितो.

विद्यार्थीमित्रहो, पवनी–लाखांदुरच्या वाटेवर काळी-पिवळी चालविणाऱ्या बापाचा एक दिवस बुडाला तर घरांत काय होतें हें तुमच्यांपैकीं कित्येकांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. ज्या जिल्ह्यांत गडेगांवीं अवजड वाहनांच्या भागांचा कारखाना १९८२ पासून उभा आहे, त्या जिल्ह्यांतल्या मुलांनीं एका पिवळ्या दिव्यास भ्यावें हें शोभत नाहीं. म्हणून शाळेच्या चालकांस माझी विनंति अशी कीं, विज्ञानशाळेंत सूक्ष्मदर्शकाशेजारीं असा एक ॲडॅप्टर ठेवावा. महिन्यांतील एका शनिवारीं पालकांनीं आपल्या मोटारी आवारांत आणाव्या. वरच्या वर्गांतील मुलांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं दोषांक वाचावे, वहींत जसेच्या तसे, एकहि शब्द न गाळतां उतरून घ्यावे आणि ती चिठ्ठी पालकांच्या हातीं द्यावी. दुरुस्ती मुलांनीं करूं नये. ती चिठ्ठी घेऊन पालकांनीं आपल्या मिस्त्रीकडे जावें. पहिल्या शनिवारीं माझी मोटार मी आणीन. तिचा दिवा सध्यां विझलेला आहे, आणि धानाचीं पोतीं मीं पडवींतून हलविलीं आहेत.