गाव ओसरते कसे?

मिसिसिपी आणि ओहायो या महानद्यांच्या संगमावर, अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला कैरो नावाचे गाव आहे. १९२० च्या जनगणनेत तेथे १५,२०३ माणसे होती. १९७० मध्ये ६,२७७ उरली आणि २०२० मध्ये अवघी १,७३३. शंभर वर्षांत नवांपैकी आठ माणसे कमी झाली, तीही युद्ध वा दुष्काळावाचून. जगातील सर्वांत संपन्न देशात हे घडावे, याचा विचार केवळ कुतूहलापोटी करण्याजोगा नाही.

या ऱ्हासाचे रूढ स्पष्टीकरण भूगोलाचे आहे. नदीवरील वाहतूक हा गावाचा प्राण होता. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला, पुढे मोटारींचे पूल झाले आणि नावेने पैलतीरी नेण्याचा व्यवसाय बुडाला. १९७८ मध्ये नव्या महामार्गाने गावाला वळसा घातला. हे सारे खरेच आहे. परंतु ते पुरेसे नाही.

१९६० ते १९७० या एकाच दशकात गावाने आपली एक तृतीयांश वस्ती गमावली. ही केवळ पुलांची करणी नव्हे. पोहण्याचा तलाव कृष्णवर्णीयांना खुला करण्यापेक्षा तो बंद करणे १९६० नंतरच्या त्या वर्षांत गावातील गोऱ्यांनी पसंत केले. १९६७ मध्ये एका तरुण कृष्णवर्णीय सैनिकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि असंतोषाचा भडका उडाला. १९६९ पासून कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. त्यांना नोकरीवर घेण्याऐवजी अनेक व्यापाऱ्यांनी दुकानांना टाळे लावले. शेजाऱ्याला वाटा द्यावा लागू नये म्हणून आपलेच ताट उपडे करण्याचा हा प्रकार होता.

ज्यांना जाणे शक्य होते ते गेले. उरले ते बहुधा गरीब. २००० च्या जनगणनेत येथील कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न देशाच्या सुमारे ४२,००० डॉलरच्या निम्म्याच्या आसपास होते. उत्पन्न घटले की कर घटतो, कर घटला की सोयी जातात आणि सोयी गेल्या की आणखी माणसे जातात. १९८६ मध्ये रुग्णालय बंद पडले, २०१५ मध्ये किराणा मालाचे शेवटचे मोठे दुकान गेले.

यावर कळस चढविला तो घरांच्या प्रश्नाने. १९४० च्या दशकात बांधलेल्या एल्मवूड आणि मॅकब्राइड या सरकारी वसाहतींची दुरुस्ती वर्षानुवर्षे झाली नाही. स्थानिक गृहनिर्माण मंडळाचा कारभार इतका ढासळला की २०१६ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने तो हाती घेतला. २०१७ मध्ये त्या खात्याने वसाहती रिकाम्या करण्याचा निर्णय दिला. सुमारे ४०० रहिवाशांना भाड्यासाठी सरकारी मदत देऊ करण्यात आली. परंतु गावात भाड्याने घेण्याजोगी घरेच नव्हती. साहजिकच बहुतेकांना गाव सोडावे लागले.

सरकारने माणसांना साहाय्य करावे, मरणपंथाला लागलेल्या गावांना नव्हे, असा एक युक्तिवाद केला जातो. वरवर पाहता तो समंजस वाटतो. जिथे रोजगार नाही तिथे नवी घरे बांधून काय साधणार? मात्र या युक्तिवादात एक गफलत आहे. २०१० मध्ये गावात २,८३१ माणसे होती. दहा वर्षांत आणखी १,०९८ कमी झाली. त्या घटीत सरकारी निर्णयाचाही वाटा आहे. आधी घरांची हेळसांड करावयाची, मग ती राहण्यास अयोग्य ठरवावयाची आणि अखेरीस वस्ती घटल्याचे आकडे पुढे करून नवी घरे नाकारावयाची, याला नियोजन म्हणता येत नाही.

२०२३ मध्ये राज्याच्या साहाय्याने गावात सहकारी तत्त्वावर किराणा दुकान निघाले. प्रयत्न स्तुत्यच होता. पण दुकानाला गिऱ्हाईक लागते, गिऱ्हाइकाला घर लागते आणि घराला दुरुस्ती. ही साखळी जिथे प्रथम तुटली, तिथूनच ती सांधावी लागेल. जनगणना माणसे मोजते. ती का गेली, याचा जाब राज्यकर्त्यांनाच द्यावा लागतो.