दुखणे एकट्याचे नसते

पुरुषाच्या शरीरात मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात, शब्दकोशात ती पुरःस्थ ग्रंथी आहे. पण घरच्या बोलण्यात तिला नावच नाही. ज्या अवयवाला बोलीत नाव नाही, त्याच्या दुखण्यालाही वाचा नसते. या ग्रंथीचा कर्करोग मुख्यतः उतारवयात होतो आणि बहुधा मुकाट्याने सोसला जातो.

दोन वर्षांपूर्वी मला हा रोग झाल्याचे निदान झाले. माझी हयात शिक्षकी पेशात आणि सभांतून बोलण्यात गेली; परंतु रात्री चारपाच वेळा लघवीला उठावे लागते एवढे डॉक्टरांना सांगायला मला आठ महिने लागले. निदान झाले तोवर रोग हाडांपर्यंत पोहोचला होता. लाज ही केवळ मनाची अवस्था नाही, ती उपचारातील प्रत्यक्ष अडथळा आहे, हे मी अशा रीतीने शिकलो.

मला धीर मिळाला तो रुग्णालयाच्या बाकावर. शेजारी मालेगावचे एक यंत्रमाग कामगार बसत. तिसऱ्या खेपेला त्यांनी हळूच विचारले, “मास्तर, अंगातून एकदम वाफ निघाल्यासारखं होतं का तुम्हांला?” मी म्हणालो, “होतं. रात्री तर फार.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग मला वेड लागलेलं नाही म्हणायचं.”

एखाद्या तज्ज्ञाला जे साधले नसते, ते त्या एका प्रश्नोत्तराने साधले. पुढे त्यांनी मला एसटीत कोणत्या थांब्यावर उतरून घ्यावे हे सांगितले; मी त्यांना ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम दाखवला. कपडा ओला होण्याची भीती, पतिपत्नीसंबंधात आलेले रितेपण, विनाकारण येणारे रडू, हे सारे आम्ही एकमेकांशी बोललो. घरच्यांना सांगितले असते तर ते घाबरले असते. समदुःखी माणूस घाबरत नाही.

परंतु याच बाकावर मला आणखी एक गोष्ट कळली, आणि हा लेख लिहिण्याचे कारण तीच आहे. आमचा रोग एक, टप्पा जवळजवळ एक; उपचार मात्र निराळे. १९४१ साली शिकागो येथे चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिले की या कर्करोगाची वाढ पुरुषी संप्रेरकावर अवलंबून असते आणि ते संप्रेरक रोखले की पसरलेला रोगही मागे हटतो. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रोग यामुळे समूळ जात नाही, पण आयुष्य वाढते आणि हाडांच्या वेदना कमी होतात. संप्रेरक रोखण्याचे मुख्य मार्ग दोन: ठरावीक महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन, किंवा शस्त्रक्रियेने वृषणे काढून टाकणे. मला इंजेक्शन मिळते, कारण माझे निवृत्तिवेतन बरे आहे. त्यांची शस्त्रक्रिया झाली, कारण ती एकदाच करावी लागते आणि स्वस्त पडते. “अहो, घरी फक्त बायकोला ठाऊक आहे. पोरांना हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं,” असे ते म्हणाले.

गैरसमज नको. संप्रेरक रोखण्याच्या कामी ही शस्त्रक्रिया इंजेक्शनपेक्षा कमी प्रतीची नाही. दर तीन महिन्यांचे हेलपाटे वाचतात म्हणून जाणूनबुजून ती पसंत करणारेही आहेत. आक्षेप शस्त्रक्रियेला नाही. निवड नसण्याला आहे. त्यांना कोणी दुसरा मार्ग सांगितलाच नाही, कारण तो त्यांच्या खिशाबाहेरचा आहे हे आधीच गृहीत धरले गेले. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली ज्या देशाने किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये ठरवले, तेथे हजारोंच्या घरातील इंजेक्शनचा विचार कामगाराने करायचा तरी कसा? शरीराचा कोणता भाग ठेवायचा आणि कोणता गमवायचा, हा निर्णयही अखेर वर्गावर ठरतो. आणि हे अंतर दिसले कोठे? डॉक्टरांच्या खोलीत नव्हे, तेथे आम्ही एकेकटे जातो. ते दिसले बाकावर, दोघे बोललो तेव्हा.

म्हणूनच सहरुग्णांच्या एकत्र येण्याकडे केवळ सांत्वन म्हणून पाहणे मला चुकीचे वाटते. आपल्या चळवळीतील काही मित्र अशा मंडळांना मध्यमवर्गीय भूतदया समजतात. इतिहास वेगळे सांगतो. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रिया नव्या रुग्ण स्त्रियांना भेटून धीर देऊ लागल्या त्या १९५२ पासून. प्रोस्टेटच्या रुग्णांची ‘अस टू’ ही संघटना त्याच देशात उभी राहिली ती १९९० साली. स्त्रिया बोलल्या, त्यानंतर पुरुषांना बोलायला ३८ वर्षे लागली! पण एकदा बोलू लागले की रुग्ण केवळ दुःख सांगत नाहीत, हिशेबही विचारू लागतात.

मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनचे उदाहरण घ्या. रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या पेटंटला या संस्थेने विरोध केला. कंपनीच्या औषधाचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय उत्पादकांच्या त्याच औषधाचा सुमारे १० हजार. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील नाकारले. रुग्णांची बाजू मांडणारी संस्था न्यायालयात उभी राहिली, हे त्या खटल्याचे मोठेपण.

आमच्या रोगातही तेच घडले आहे. ‘एन्झाल्युटामाइड’ हे औषध अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठात, सरकारी अनुदानाच्या साह्याने शोधले गेले. नफा मात्र खाजगी कंपन्यांचा झाला. जनतेच्या पैशातून निघालेले औषध जनतेला परवडत नसेल तर सरकारने आपला अधिकार वापरावा, अशी मागणी २०२१ साली तेथील प्रोस्टेटच्या रुग्णांनीच केली. मार्च २०२३ मध्ये सरकारने ती नाकारली. रुग्ण हरले, पण प्रश्न नोंदला गेला. याच औषधाच्या पेटंटचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने २०१६ साली फेटाळला होता.

सहरुग्णांच्या मदतीत धोके नाहीत असे नव्हे. एकाचा अनुभव हा दुसऱ्याचा उपचार नसतो. “मी ऑपरेशन करून घेतलं, तुम्हीही घ्या,” हा सल्ला प्रेमाचा असला तरी चुकीचा असू शकतो. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच मर्यादित रोग असलेल्या १,६४३ पुरुषांची तुलना करण्यात आली: काहींना शस्त्रक्रिया, काहींना किरणोपचार, तर काहींवर केवळ नियमित देखरेख. २०२३ साली १५ वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तिन्ही गटांत या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे प्रत्येकाला सुरी लागतेच असे नाही आणि प्रत्येकाचा रोग माझ्याइतका पुढे गेलेला नसतो. शिवाय काही रुग्णमंडळे औषध कंपन्यांच्या देणग्यांवर चालतात. ज्याच्या पैशावर सभा भरते, त्याच्या औषधाची किंमत त्या सभेत कोण विचारणार? आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे सरकारने हात झटकणे. रुग्ण एकमेकांना सांभाळतात म्हणून समुपदेशक नेमायला नको, अशी सोय आपण करून देता कामा नये. आमचा बाक हा रुग्णालयाच्या कर्तव्याला पर्याय नाही.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सार्वजनिक कर्करोग रुग्णालयात आठवड्यातून एक तास आणि एक खोली रुग्णांना आपापसांत बोलण्यासाठी मिळावी. शस्त्रक्रियेपूर्वी इंजेक्शनचा आणि शस्त्रक्रियेचा, दोन्ही मार्ग मराठीत समजावून सांगितले जावेत आणि दोन्ही विनामूल्य असावेत. तरच रुग्णाच्या संमतीला अर्थ आहे. औषधखरेदीचे निर्णय घेणाऱ्या समित्यांत रुग्णांचा प्रतिनिधी असावा.

एक मागणी आपल्याकडूनही आहे. कामगार संघटना, निवृत्तिवेतनधारकांची मंडळे, शिक्षक संघटना यांच्या बैठकांत महागाईभत्त्यावर तासन्‌तास चर्चा होते. साठी ओलांडलेल्या सभासदांच्या या दुखण्यावर एकदा तरी उघड बोलले जावे. सुरुवात करणाऱ्याला लाज वाटेल. मला हा लेख लिहितानाही वाटली. पण खोलीतला दुसरा कोणीतरी मान वर करील आणि म्हणेल, “मलाही होतं.” संघटनेचा आरंभ याहून वेगळ्या शब्दांनी कधी झाला आहे?

मालेगावच्या त्या मित्राने गेल्या महिन्यात थोरल्या मुलाला खरे काय ते सांगितले. मुलगा आता त्यांच्याबरोबर येतो आणि बाकावर आम्हां दोघांच्या मध्ये बसतो.