धरण कोणाचे, पाणी कोणाचे?



रायपूरच्या नळाला आणि भिलाईच्या भट्ट्यांना जे पाणी मिळते, त्यामागे गंगरेलचे धरण उभे आहे. १९७२ साली पायाभरणी झाली आणि १९७८ च्या सुमारास महानदी अडली. तिच्या पाण्याखाली पन्नासहून अधिक गावे गेली. त्या गावांतली माणसे आजही पुनर्वसनाचा हिशेब मागत आहेत.

आमचा धरणांना विरोध नाही. धमतरीच्या बाजूला दुष्काळ काय करीत होता, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. म्हणूनच रुद्रीचा बंधारा झाला, १९२३ साली मुरुमसिल्लीचे धरण पूर्ण झाले आणि कालव्यांमुळे इथे धान पिकू लागले. पण पाणी आले की त्याचा मालकही उभा राहतो, हा धडा याच मातीने आधी शिकवला. १९२० साली कंडेल गावच्या शेतकऱ्यांवर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून इंग्रज सरकारने दंड बसविला. दंड भरला नाही म्हणून गुरे जप्त करून लिलावाला काढली, तर बोली लावायला एकही माणूस पुढे आला नाही! पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि आपले नारायणराव मेघावाले यांच्या नेतृत्वाखालील या एकजुटीपुढे सरकारला नमावे लागले.

इंग्रज गेले, पण प्रश्न गेला नाही. १९९८ साली दुर्गजवळ शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीच्या हवाली झाला. पिढ्यान् पिढ्या तिथे मासे धरणारे केवट आपल्याच नदीवर परके ठरले. छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने २००७ साली करार रद्द करण्याची शिफारस केली. नदीच विकली जात असेल, तर उद्या रेल्वे का विकली जाणार नाही?

महानदीच्या वाटपासाठी २०१८ साली लवाद नेमला गेला. हिराकुडखालचा ओडिशाचा शेतकरी आपला शत्रू नव्हे. तोही आपल्यासारखाच कष्टकरी आहे.

आमची मागणी साधी आहे. पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा, मग शेतीचा, त्यानंतर कारखान्याचा. आणि ज्यांची घरे बुडाली, त्यांचा हिशेब सर्वांच्या आधी चुकता व्हावा. मातीच्या पाट्या वाहून ही धरणे मजुरांनी बांधली. त्यांच्या पाण्याचा निर्णय बंद खोलीत होऊ देऊ नका. कंडेलची एकजूट आठवा!