आपला फोटो आपणच लहान करावा

परीक्षांचे आणि शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरण्याचे दिवस आले, की सोलापुरात ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी लावलेल्या दुकानांपुढे विद्यार्थ्यांची गर्दी होते. नाव, पत्ता, जन्मतारीख भरणे अवघड नसते. गाडी अडते ती फोटोपाशी! ‘फोटो ५० किलोबाइटपेक्षा मोठा नसावा’ अशी अट असते आणि मोबाइलने काढलेला फोटो तर तीन-चार मेगाबाइटचा निघतो. मग कोणी दुकानदाराला पैसे देतो, तर कोणी अनोळखी संकेतस्थळावर फोटो आणि सही पाठवून ती लहान करून घेतो. माझ्या मते या दोन्हींची गरज नाही. हे काम प्रत्येक विद्यार्थ्याला शाळेच्या संगणकावर स्वतः करता आले पाहिजे.

फोटो लहान करणे म्हणजे नेमके काय? विद्यार्थी मित्रांनो, जॅकार्डच्या मागावर विणलेली आपली सोलापुरी चादर आठवा. तिच्यावरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढण्याची रीत आहे. संगणकावरील फोटोही अशाच चौकोनांचा बनलेला असतो. या चौकोनाला ‘पिक्सेल’ म्हणतात. ४००० × ३००० पिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख चौकोन झाले. प्रत्येकाचा रंग नोंदवायला ३ बाइट, म्हणजे एकूण ३ कोटी ६० लाख बाइट! त्यातील चेहऱ्याचा भाग कातरून तो २०० × २३० पिक्सेलचा केला, तर उरतात अवघे ४६ हजार चौकोन आणि १ लाख ३८ हजार बाइट.

हेही ५० किलोबाइटहून जास्तच. उरलेले काम ‘जेपेग’ ही पद्धत करते. डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे ती गाळून टाकते. तिच्यामागचे गणित बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. १९९२ साली त्यावर आधारलेली जेपेग पद्धत प्रमाण म्हणून मान्य झाली.

हे सारे करणारे ‘गिम्प’ नावाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहायला घेतले आणि १९९६ साली सर्वांना खुले केले. ते नुसते फुकट नाही, मुक्तही आहे. त्याची संहिता कोणीही वाचावी, सुधारावी आणि इतरांना द्यावी. ‘इरफानव्ह्यू’ हे सॉफ्टवेअरही शिक्षणासाठी फुकट वापरता येते. मात्र त्याची संहिता खुली नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

कोणी म्हणेल, “संकेतस्थळावर हेच काम क्षणात होते, मग एवढा खटाटोप कशाला?” पण सही ही आपली ओळख आहे. ती दुसऱ्याच्या संगणकावर एकदा गेली, की तेथे किती दिवस राहील आणि कोण पाहील, हे आपल्या हाती उरत नाही. आपल्याच संगणकावरील सॉफ्टवेअरने काम केले, तर फोटो बाहेर जाण्याचे कारणच पडत नाही. इंटरनेट बंद असले तरीही काम अडत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. मूळ फोटो कधीही पुसू नका. लहान केलेली प्रत वेगळ्या नावाने साठवा. गाळलेले बारकावे फोटो पुन्हा मोठा करून परत येत नाहीत. चौकटीच्या कागदावरील चौकोन पुसले, तर नुसता कागद मोठा करून नक्षी थोडीच परत येणार आहे?

हे शिकवायला एखादा तास पुरेल. फोटो उघडणे, कातरणे, पिक्सेल ठरवणे, जेपेग म्हणून साठवणे आणि किलोबाइट तपासणे, एवढ्याच पायऱ्या आहेत. म्हणून शाळांनी अर्जांचे दिवस येण्यापूर्वीच हा तास ठेवावा. तुमच्या शाळेत तो नसेल, तर संगणकाच्या सरांना किंवा बाईंना तुम्हीच विचारा. आणि शिकलात, की शेजारच्या ताईचा किंवा दादाचा फोटो लहान करून द्यायला विसरू नका!